“माझा मुलगा वेडा नाही, त्याला जिन लागला आहे” : अशा आईशी बोलावे कसे? (सोमाली कुटुंबे आणि मानसिक आजार)

प्रश्न : सावली

नमस्कार. प्रश्न लांबणार आहे, कारण संदर्भ सांगितल्याशिवाय तो नीट विचारता येणार नाही.

मी अमेरिकेत मिनिॲपोलिस येथे एका दवाखान्यात सामाजिक कार्यकर्ती आहे. आमच्याकडे सोमाली कुटुंबे मोठ्या संख्येने येतात. १९९१ मध्ये सियाद बारे यांची राजवट कोसळली, सोमालियात यादवी पेटली आणि देश सोडून निघालेल्यांपैकी हजारो जण केनिया-इथिओपियातल्या छावण्यांत वर्षानुवर्षे काढून या थंड शहरात पोहोचले. सीडर-रिव्हरसाइड भागातल्या उंच इमारतींत आता त्यांची पुढची पिढी वाढते आहे.

काही महिन्यांपूर्वी एक आई तिच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलाचे कॉलेज सुटले होते. तो रात्रभर जागा असे, खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावत असे आणि आईने रांधलेले काही खात नसे. आई बोलत असताना तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. मध्येच तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडले, स्वतः एक घोट घेतला आणि बाटली त्याच्या हातात दिली. त्याने ती निमूटपणे घेतली आणि तो पाणी प्यायला. ते कुराणातील आयती म्हणून फुंकर घातलेले पाणी होते. सोमाली लोक त्याला तहलील म्हणतात, हे मला दुभाष्याने नंतर सांगितले.

आई शांतपणे म्हणाली की मुलाला जिन लागला आहे, शेख, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, उपचार करत आहेत, आणि तुमच्याकडे मी फक्त त्याच्या झोपेसाठी आले आहे. आमच्या डॉक्टरांनी मुलाला तपासले आणि हा तीव्र मनोविकार असल्याचे सरळ सांगून टाकले. दुभाष्याने ते सोमालीत सांगताना “वाली” असा शब्द वापरला. तो ऐकताच आई उठली, तिने मुलाचा हात धरला आणि ती निघून गेली. त्यानंतर ती तीन आठवडे फिरकली नाही, फोनही उचलत नाही. दुभाष्याला विचारले तर तो म्हणाला, “आमच्या बोलण्यात दुसरा शब्दच नाही.”

मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाढले. माझ्या आत्याच्या अंगात येत असे, आणि ते आजारपण आहे हे घरच्यांच्या ध्यानात यायला सहा वर्षे गेली. त्या सहा वर्षांत तिचा संसार मोडला. त्यामुळे “शेख उपचार करत आहेत” हे वाक्य कानावर पडले की माझ्या पोटात गोळा येतो. पण माझी आजी आत्यासाठी किती देवस्थाने अनवाणी फिरली, हेही मी पाहिले आहे. म्हणून त्या आईला मी अडाणी म्हणू शकत नाही.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. “वाली” या शब्दात एवढे काय आहे? शेखांना सोबत घेणे योग्य की ती माझ्या व्यवसायाशी प्रतारणा ठरेल? आणि खोटे न बोलता त्या आईशी पुन्हा बोलणे कसे सुरू करावे?

उत्तर १ : उत्तररात्र

सावलीताई, मी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करतो आणि माझ्या रुग्णांमध्ये सोमाली कुटुंबे बरीच आहेत. तुमच्या पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यातच दडलेली आहेत.

सोमालीत वाली म्हणजे वेड. रोजच्या बोलण्यात माणूस एक तर शहाणा असतो, नाही तर वालन, म्हणजे वेडा असतो. मधल्या ज्या अवस्थांना आम्ही डॉक्टर नैराश्य, चिंताविकार वगैरे नावे देतो, त्यांच्यासाठी तिथे शब्द नाहीत असे मुळीच नाही. मुरुग म्हणजे खिन्नता, वेलवेल म्हणजे काळजी, नियद-जब म्हणजे उमेद खचणे, कल्बी-जब म्हणजे काळीज तुटणे. पण या सगळ्या माणसाच्या वाट्याला येणाऱ्या गोष्टी समजल्या जातात. त्यांच्यावर औषध म्हणजे नातलगांचा सहवास, नमाज, कुराणाचे पठण आणि वेळ. त्यांसाठी कोणी दवाखान्याची पायरी चढत नाही. आपल्याकडेही “त्याने फार मनाला लावून घेतले आहे” असे म्हणतात, तेव्हा पुढचे वाक्य “डॉक्टरकडे नेऊ या” असे क्वचितच असते.

थोडे विषयांतर करतो. नियद हा शब्द अरबीतून आलेला आहे आणि आपली “नियत” त्याच मुळाची. सोमालीत बुद्धीला जो शब्द आहे तो आणि आपली “अक्कल” हेही एकाच अरबी शब्दाचे वंशज. कुराणाच्या आधारे उपचार करणारी जी केंद्रे हर्गेसा, मोगादिशू येथे आहेत, त्यांना सोमाली लोक जे नाव देतात तो तर थेट आपला “इलाज”. हे कळल्यापासून माझ्या रुग्णांची भाषा मला परकी वाटेनाशी झाली.

आता जिनाबद्दल. जिनांचे अस्तित्व हा इस्लामी श्रद्धेचा भाग आहे, त्यामुळे “तुमचा यावर विश्वास आहे का” हा प्रश्नच त्या आईला विचित्र वाटेल. आजाराची कारणे सांगताना सोमाली कुटुंबे जिनाखेरीज नजर लागणे, ज्याला ते नुसते “इल” म्हणजे डोळा म्हणतात, आणि सिहिर म्हणजे करणी, यांचाही उल्लेख करतात. या तिन्ही कारणांत एक समान गोष्ट आहे, आणि ती समजायला मला बरीच वर्षे लागली. ही कारणे बाहेरून आलेली असतात. जे बाहेरून आले ते बाहेर जाऊ शकते. जिन निघून जातो. वाली मात्र जन्मभर राहते अशी समजूत आहे. तुमच्या दुभाष्याने तो शब्द उच्चारला त्या क्षणी आईने एवढेच ऐकले की मुलगा कायमचा हातचा गेला. ती जिनाला धरून बसली आहे, कारण तिची सगळी आशा त्या शब्दात आहे. तिच्याकडून तो शब्द काढून घेण्याआधी तेवढीच आशा देणारे दुसरे काहीतरी तिच्या हातात ठेवावे लागेल. या वयात लवकर उपचार सुरू झाले तर पुष्कळ मुले सावरतात, हे तुम्ही तिला सांगू शकता आणि ते खरे आहे.

तुमच्याच शहरातली एक नोंद इथे महत्त्वाची आहे. मिनिॲपोलिसच्या एका सार्वजनिक दवाखान्यात २००१ ते २००९ या काळात आलेल्या सोमाली रुग्णांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे आलेल्या तीस वर्षांखालील सोमाली पुरुषांपैकी सुमारे ८० टक्क्यांना तीव्र मनोविकार होता, तर वयाने मोठे पुरुष आणि स्त्रिया यांच्यात मुख्यतः नैराश्य आणि युद्धातील आघातांचे परिणाम दिसत होते. हा आकडा दवाखान्यात पोहोचलेल्यांचा आहे, साऱ्या समाजाचा नव्हे, हे विसरू नये. घरच्यांचे सगळे उपाय थकल्यावरच तरुण मुलांना आणले जाते, हेही त्यामागचे एक कारण असू शकते. तरी तुमच्यासमोर बसलेला मुलगा हा अपवाद नव्हता, एवढे त्यातून नक्की कळते.

बोलणे कसे सुरू करावे? झोपेपासून. तिने स्वतः तुम्हाला ते दार उघडून दिले होते. “तुमचे घरचे लोक याला काय म्हणतात, हे कशामुळे झाले असे त्यांना वाटते, आतापर्यंत कशाने बरे वाटले”, अशा स्वरूपाचे सोळा प्रश्न २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मनोविकारांच्या निदानासाठीच्या अमेरिकी मार्गदर्शिकेत, दिलेले आहेत. ते वाचून दाखवू नका, पण त्यांचा सूर पकडा. हा जिन नव्हेच, असे सिद्ध करायला जाऊ नका. माझ्या एका रुग्णाची आई म्हणाली होती की जिनाने मुलाचा मेंदू थकवला आहे. मी तिला म्हटले, थकलेल्या मेंदूचे औषध माझ्याकडे आहे, जिनाचे तुमच्या शेखांकडे असेल. त्यात मी खोटे काहीच बोललो नव्हतो.

आणखी एक. एखादी सोमाली स्त्री वसवास हा शब्द वापरत असेल तर तिथे थांबून नीट विचारा. सैतानाने मनात कुजबुजलेल्या शंकेला वसवास म्हणतात, पण नमाजापूर्वीचे हातपाय धुणे पंधरा-वीस वेळा करूनही समाधान न होणाऱ्या बायका मी या नावाखाली पाहिल्या आहेत. पुण्यात शिकत असताना सोवळ्याच्या नावाखाली दिवसभर पाण्यात हात घालून बसणाऱ्या आजीबाई आमच्याकडे येत, तोच हा विकार.

उत्तर २ : रानवाट

वरील उत्तर उत्तम आहे. मी त्यात छावणीचा भाग जोडते, कारण या शहरात पोहोचण्याआधीची पंधरा-वीस वर्षे या कुटुंबांनी जिथे काढली त्याचा उल्लेख त्यात आलेला नाही.

मी केनियातील दादाब येथे मदतकार्यात होते. इफो, दागाहाले आणि हागादेरा या तिथल्या मूळ छावण्या १९९१-९२ मध्ये उभ्या राहिल्या, काही महिन्यांची सोय म्हणून. २०११ च्या दुष्काळात तिथली लोकसंख्या चार लाखांच्या वर गेली होती. तिथे मी एक शब्द रोज ऐकत असे : बूफिस. फुगणे, हवा भरणे या अर्थाच्या शब्दापासून तो आला आहे. परदेशात पुनर्वसन होण्याची इतकी ओढ लागणे की शरीर इथे आणि मन तिकडे, याला बूफिस म्हणतात. यादीत नाव लागलेल्यालाही बूफिस असतो, आणि नाव कापले गेलेल्याला तर तो असतोच. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेने निर्वासितांना घेणे काही काळ थांबवले, २०१७ च्या प्रवासबंदीत सोमालियाचे नाव आले. अशा प्रत्येक बातमीनंतर छावणीत कोणाचा तरी बूफिस वाढला असे लोक सांगत. बूफिसने माणूस वाली होऊ शकतो, असेही ते मानतात. गंमत म्हणून नव्हे, गांभीर्याने सांगते : त्या लोकांनी स्वतःच्या परिस्थितीतून स्वतःच घडवलेले हे निदान आहे, आणि ते अचूक आहे. पुढे परदेशात पोहोचलेल्यांमध्ये हाच शब्द उलट्या दिशेने वापरला जाऊ लागला, मागे राहिलेल्या घराच्या ओढीसाठी आणि इथे रुजता न येण्याच्या खिन्नतेसाठी.

दुसरी गोष्ट. युद्धाबद्दल बोलताना बाहेरून आलेले आम्ही “आघात” हा शब्द वापरत असू, आणि समोरचा माणूस न्यायाबद्दल बोलत असे. माझे उंट नेले, माझे घर दुसऱ्या टोळीच्या माणसाने बळकावले, माझ्या भावाला मारणारा आज बाजारात दुकान चालवतो. त्याच्या मते त्याला आजार झालेला नव्हता, त्याच्यावर अन्याय झालेला होता. अशा माणसाला समुपदेशनाला बसवले की त्याला आपली तक्रार दाबली जाते आहे असे वाटते. तुमच्याकडे येणाऱ्या वडीलधाऱ्यांशी बोलताना हे ध्यानात ठेवा.

तिसरी गोष्ट पैशांची. हवाला हा शब्द आपल्याकडे बदनाम आहे, पण सोमाली कुटुंबांसाठी तो जीवनवाहिनी आहे. मोगादिशूत किंवा छावणीत राहिलेल्या दहा-बारा माणसांचे पोट परदेशातल्या एका पगारावर चालते. रात्री दोन वाजता फोन येतो, कोणाची तरी फी, कोणाचे तरी बाळंतपण. “वेलवेल आहे” असे म्हणणाऱ्या बाईला श्वासाचे व्यायाम शिकवण्याआधी तिला या महिन्यात किती ठिकाणी पैसे पाठवायचे आहेत हे विचारावे.

दुभाष्याबद्दल मला फार आग्रहाने सांगायचे आहे. सोमाली समाजात कुळ कोणते, बाप कोण, आजोबा कोण हे दोन वाक्यांत कळते. दुभाषा त्याच शहरातला असेल तर आईच्या मनात पहिला विचार हाच येणार की ही बातमी संध्याकाळपर्यंत मशिदीत पोहोचेल. घरात वाली आहे असे पसरले की त्या मुलाचेच नव्हे, त्याच्या बहिणींचेही लग्न अडते. वेडाचा संशय आला म्हणून मोडलेली स्थळे आपण आपल्याकडे पाहिली आहेत, त्यामुळे हे वेगळे समजावून सांगायला नको. दूरच्या राज्यातला दुभाषा फोनवर घ्या, त्याला रुग्णाचे नाव सांगू नका, आणि भेटीआधी पाच मिनिटे त्याच्याशी शब्दांबद्दल बोला. सरकारी पत्रकांत मनाच्या आजारासाठी जो “डिमिर” शब्द छापतात तोही टाळा. तो ऐकूनही लोक दचकतात.

शेवटी एक प्रश्न. तुमच्या लिखाणात आई आहे, डॉक्टर आहेत, दुभाषा आहे, शेख आहेत. त्या मुलाशी कोणी बोलले का? तो एकोणीस वर्षांचा आहे, त्याची शाळा तिथेच झाली असणार, त्याला दुभाषा लागत नसेल. त्याला स्वतःला जिन लागल्यासारखे वाटते का?

उत्तर ३ : कातळ

मला इथे थोडा वेगळा सूर लावणे आवश्यक वाटते. श्रद्धेचा मान राखावा हे मान्य, पण ती श्रद्धा कुठे नेते हेही लिहिले गेले पाहिजे.

सोमालियात मानसिक रुग्णांना साखळदंडाने बांधून ठेवणे इतके सर्रास होते की जागतिक आरोग्य संघटनेला मोगादिशूत साखळीमुक्तीची वेगळी मोहीम हाती घ्यावी लागली. सोमालियापासून वेगळे झाल्याचे जाहीर केलेल्या उत्तरेकडील सोमालीलँडमध्ये खासगी केंद्रांत रुग्णांना कसे बांधून, कोंडून ठेवतात याचा अहवाल ह्यूमन राइट्स वॉचने २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. तरसाला जिन दिसतो आणि तो त्याला पळवून लावतो, या समजुतीपोटी रुग्णाला तरसासोबत खोलीत ठेवण्याचे प्रकारही मोगादिशूत घडले आहेत, आणि त्यासाठी गरीब कुटुंबांनी मोठ्या रकमा मोजल्या आहेत. परदेशात बिघडलेल्या मुलाला “डकन-एलिस”, म्हणजे संस्कृतीकडे परत नेणे, या नावाखाली नैरोबीला किंवा सोमालियाला पाठवतात. त्यांतील काही केंद्रांत मारहाण होते. तुमच्या रुग्णाची आई फोन उचलत नाही याचा अर्थ मुलाचे तिकीट काढले जात आहे असाही असू शकतो, हे कृपया मनात ठेवा.

हे फक्त त्यांच्याकडचे आहे असे मी म्हणत नाही. तमिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याच्या आश्रयाने मनोरुग्णांना ठेवत त्या ठिकाणी ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आले नाही, आणि २८ जण मृत्युमुखी पडले. तीव्र मनोविकारात उपचारांविना गेलेला प्रत्येक महिना पुढच्या सुधारणेच्या शक्यता कमी करतो. पाणी फुंकून दिले त्याने अपाय होत नाही, पण त्या पाण्यापायी वर्ष गेले तर होतो. सावलीताईंच्या आत्याची सहा वर्षे कोण परत देणार?

उत्तर ४ : वऱ्हाडपांढरी

कातळ यांची चिंता रास्त आहे, म्हणून मी दुसऱ्या प्रश्नाबद्दल, शेखांना सोबत घेण्याबद्दल लिहितो. मी बुलढाणा जिल्ह्यातला. आमच्याकडे सैलानी बाबांच्या दर्ग्यावर मनोरुग्णांना घेऊन हिंदू-मुसलमान दोघेही येतात, आणि मी मानसशास्त्र शिकलो तेच तिथल्या दृश्यांमुळे. तरुणपणी मला वाटे की तिथे जाणे बंद केले की प्रश्न सुटेल. नंतर गुजरातमध्ये उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात चाललेले काम मी पाहिले. तिथे मुजावरांना, म्हणजे दर्ग्याच्या सेवेकऱ्यांना, मनोविकारांची लक्षणे ओळखायला शिकवले आहे. ते दुआ देतात आणि त्याच आवारात बसलेल्या डॉक्टरांकडे रुग्णाला पाठवतात. “दवा आणि दुआ” असेच त्या उपक्रमाचे नाव आहे. जे कुटुंब डॉक्टरचे ऐकायला तयार नसते ते मुजावरांच्या एका शब्दावर गोळी घेते.

महाराष्ट्रात २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यानेही प्रार्थनेला हात लावलेला नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, चटके देणे हा गुन्हा ठरवला आहे. तुम्हीही शेखांशी बोलताना रेघ तिथेच ओढा. त्यांना विचारा : मुलाला मारत नाही ना, बांधत नाही ना, उपाशी ठेवत नाही ना, आणि डॉक्टरकडे जाऊ नका असे सांगत नाही ना? या चारही प्रश्नांचे उत्तर “नाही” असेल तर पठण चालू राहू द्या. बहुतेक शेख स्वतःच तुम्हाला सांगतील की अल्लाहने औषधाशिवाय कोणताही आजार पाठवलेला नाही, हे पैगंबरांचे वचन आहे. आणि आधी उंटाला बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव, हे वचन तर उंट पाळणाऱ्या लोकांना वेगळे फोड करून सांगावे लागत नाही.

सावली

सर्वांचे मनापासून आभार. रानवाट, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. मुलाशी कोणीही बोलले नव्हते. मीही नाही.

गेल्या पंधरवड्यात काय झाले ते लिहिते. आईच्या धाकट्या बहिणीचा क्रमांक आमच्याकडे आणीबाणीसाठी नोंदवलेला होता, आणि तो वापरण्याची परवानगी आईने पहिल्याच भेटीत दिलेली होती. सोमालीत मावशीला “हबरयर” म्हणतात, शब्दशः धाकटी आई. तिला मी मुलाच्या तब्येतीबद्दल काही सांगितले नाही. एवढेच म्हटले की मागच्या भेटीत आमच्याकडून एक शब्द चुकीचा गेला, त्याची मला माफी मागायची आहे. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला.

या वेळी दुभाषा दुसऱ्या राज्यातला होता, फोनवर, नावाशिवाय. आम्ही आधी ठरवून घेतले होते की “वाली” आणि “डिमिर” हे दोन्ही शब्द येणार नाहीत. झोप मोडली आहे आणि विचार थांबत नाहीत, असे म्हणायचे. आई पाऊण तास बोलली. त्यातला अर्धा वेळ ती स्वतःच्या मुरुगबद्दल, छावणीत गमावलेल्या थोरल्या मुलाबद्दल बोलत होती, आणि ते आम्ही तिला कधी विचारलेच नव्हते. कातळ, तुमची भीती खरी होती. नैरोबीला पाठवण्याचा सल्ला एका नातलगाने दिला होता. तिने तो अजून मानलेला नाही, आणि त्या केंद्रांबद्दल मला जे माहीत होते ते मी तिला स्पष्टपणे सांगितले.

मुलाशी मी वेगळी, इंग्रजीत बोलले. त्याला जिन लागल्यासारखे वाटत नाही, आणि आपण आजारी आहोत असेही वाटत नाही. खाण्यात काहीतरी मिसळले जाते असे त्याला वाटते, आणि त्याला झोप हवी आहे. आईने रांधलेले खात नाहीस, मग ते पाणी कसे पितोस, असे मी विचारले. तो म्हणाला, “कारण ती आधी स्वतः पिते.”

हे मी आमच्या डॉक्टरांना सांगितले. त्यांनी या खेपेला निदानाचे नाव घेतले नाही. झोप आणि विचारांसाठी म्हणून कमी मात्रेची गोळी लिहून दिली, ती कशासाठी आहे, तिचे कोणते परिणाम होऊ शकतात हे मुलाला समजेल असे सांगितले आणि आईला त्याच्यासमोरच पाकीट फोडायला सांगितले. कॅप्सूलच्या वेष्टणात डुकराचे जिलेटिन असते का, हा आईचा पहिला प्रश्न होता. आम्ही कॅप्सूलऐवजी साधी गोळी दिली. इशाच्या, म्हणजे रात्रीच्या, नमाजानंतर ती द्यायची असे ठरले. शेखांशी मशिदीत जाऊन बोलले. वऱ्हाडपांढरी यांचे चारही प्रश्न विचारले. त्यांची उत्तरे समाधानकारक होती, आणि गोळी चालू ठेवा असे त्यांनी माझ्यासमोर आईला फोन करून सांगितले.

निघताना आईने विचारले की ती गोळी तहलीलच्या पाण्याबरोबर दिली तर चालेल का. मी डॉक्टरांकडे पाहिले. ते म्हणाले, चालेल.

आज नववा दिवस आहे. मुलगा काल पाच तास झोपला असे आईने कळवले आहे. उत्तररात्र, एक शंका उरली आहे : गोळ्या चालू असतानाच रमजान आला तर वेळांचे काय करावे?

उत्तररात्र

फार बरे वाटले. रमजानच्या आधी एक वेगळी भेट ठेवाच. दिवसातून एकदा घ्यायची गोळी इफ्तारनंतर किंवा रात्री देता येते, त्यामुळे सध्याच्या गोळीची अडचण येऊ नये. पुढे कधी लिथियम हे मनोविकारावरचे औषध सुरू करावे लागले तर मात्र फार जपावे, कारण दिवसभर पाणी न पिता राहिल्याने रक्तातील त्याचे प्रमाण धोकादायक वाढू शकते. आजारी माणसाला रोजातून सूट आहे, हे आईला तुमच्याऐवजी शेखांनी सांगितलेले बरे. आणि मुलाला रोजा ठेवायचा असेल तर तो निर्णय त्याच्याशी बोलून घ्या, कारण घरातले सगळे उपाशी असताना एकट्यानेच जेवायला बसणे त्याच्या आताच्या संशयी मनाला जड जाईल. झोपेची वही ठेवायला सांगा, आणि जमल्यास ती त्यालाच लिहू द्या.